राहू इच्छिणाऱ्या शिक्षकांबाबत

एकशे अठ्ठ्याऐंशी पत्रं शब्दाला शब्द सारखी निघाली तेव्हा ग्रेसीला मनापासून बरं वाटलं. माणसांबद्दलचा आपला अंदाज खरा ठरला की तिला असं बरं वाटायचं. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथून सुरुवात, मधे तीन परिच्छेद, 'अन्ययकारक' असं लिहिताना विसरलेला तोच एक काना, आणि शेवटी सहकार्याची अपेक्षा. संघटनेने कुठेतरी एक नमुना टाइप करून व्हॉट्सॲपवर सोडला असणार आणि राज्यभरातल्या मास्तरांनी खाली सही ठोकून तो पुढे ढकलला असणार. पोराने शेजारच्या वहीत डोकावलं तर त्याचा कान पिरगाळणारी ही माणसं. एकशे अठ्ठ्याऐंशींपैकी एकालाही तो काना घालावासा वाटला नव्हता. ग्रेसीने तक्त्यातल्या 'विरोध' या रकान्यात आकडा भरला आणि खिडकीबाहेर बघितलं. दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सच्या बाविसाव्या मजल्यावरून ते खोटं तळं हिरवट दिसत होतं, त्यातलं कारंजं दुपारच्या उन्हात कोणासाठी उडत होतं कोण जाणे.

हे काम तिच्या टेबलावर आलं ते तिला मराठी वाचता येतं एवढ्याच लायकीवर. महाराष्ट्रातल्या एका सरकारी समितीला सरकारी शाळांतल्या सगळ्या शिक्षकांसाठी एकच करार करावा का, याचा विचार करायचा होता. आज कोणी जिल्हा परिषदेचा, कोणी महापालिकेचा, कोणी नगरपरिषदेचा, कोणी नुसत्या मानधनावरचा. प्रत्येकाचे नियम निराळे. आता सगळे एका कागदाखाली येणार होते. पहिल्या दिवसापासून सारखा पगार, मानधनाची वर्षं बंद. बदल्यात एकच अट होती : कोणीही एका शाळेत सहा वर्षांहून जास्त राहायचं नाही, नंतर संगणक सांगेल त्या जिल्ह्यात जायचं. फायदे-तोटे तोलून सांगायचं काम समितीने सल्लागार कंपनीला दिलं, आणि कंपनीने ते दुबईच्या ऑफिसकडे टाकलं, कारण इथे मागच्या वर्षी हॉटेलांतल्या सफाई कामगारांच्या पाळ्यांवर असाच एक रिपोर्ट झाला होता. शाळा काय, हॉटेल काय. केनेथने सोमवारी सकाळी तिच्या टेबलावर हात टेकत म्हटलं होतं, "ग्रेसी, यू रीड मराठी ना? मेरे को तो नहीं आता, यू नो. सब लेटर्स के सिक्स बुलेट पॉइंट्स दे. थर्सडे तक. यल्ला, चलो." केनेथ बांद्र्याचा. मराठी येत नाही हे तो, दुसरं कोणी आपली पदवी सांगेल तसं सांगायचा. चौदा वर्षं ती त्याच्या हाताखाली होती आणि चौदा वर्षं मनातल्या मनात त्याची लाज काढत आली होती. त्याला सहा मुद्दे हवे असायचे. कोणी मेलं तरी सहा.

विरोधवाल्यांनंतर मानधनवाल्यांची पन्नासेक पत्रं होती. तीही एका साच्यातली, फक्त त्यांचा साचा रडका होता. त्यांना करार हवा होता, उद्या नाही, आजच. ग्रेसीला दोघांचीही सारखीच शिसारी आली. एकांना मिळालेलं सोडायचं नव्हतं, दुसऱ्यांना ते ओढून घ्यायचं होतं, आणि दोघांच्याही तीन-तीन परिच्छेदांत 'विद्यार्थी' हा शब्द एकेकदाच आला होता, तोही 'हित'च्या आधी. हे सगळं तिला नवं नव्हतं. ती स्वतः त्यांच्यातली होती. वसईच्या मराठी शाळेतून डी.एड.ला, आणि तिथून बाविसाव्या वर्षी शिक्षण सेवक म्हणून, महिना तीन हजार मानधनावर. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या पार डोंगराकडच्या टोकाला, उंबरमाळ नावाच्या पाड्यावर. हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. बायोडेटात त्या वीस महिन्यांच्या जागी तिने 'ग्रामीण शिक्षण प्रकल्प' असं काहीतरी लिहून टाकलं होतं. प्रकल्प म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

आणि शेवटचं पत्र उघडलं तर त्याच्या डोक्यावर 'उंबरमाळ' लिहिलेलं होतं.

वहीचा रेघांचा कागद, तिरका स्कॅन केलेला, शाईचं पेन. ग्रेसीने ते एका दमात वाचलं, मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा वाचलं. 'महोदय, सर्वांना एकच करार आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार हे योग्य आहे. मी तीन वर्षे मानधनावर काढली, तशी कोणाला काढायला लागू नयेत. पण बदलीची सक्ती करू नये. आमच्याकडे पहिलीच्या मुलांना मराठी येत नाही, वारली येते. मला ती नीट बोलायला चार वर्षे लागली. मग दोन वर्षांत निघायचे का? मी इथे चोवीस वर्षे आहे. ज्याला जायचे त्याला जाऊ द्यावे. ज्याला राहायचे त्याला राहू द्यावे. आपली, सौ. आशा महादू भोये.' खाली मोबाइल नंबर.

म्हणजे लग्नाआधीची आशा वेखंडे. शहापूरची. तिच्याबरोबर त्याच महिन्यात रुजू झालेली, तिच्याच खोलीत राहिलेली. आणि महादू म्हणजे तो जीपवाला, डांबरी रस्त्यापासून पाड्यापर्यंत सतरा माणसं कोंबून नेणारा, ज्याच्या शर्टाला कायम डिझेलचा वास यायचा. त्याच्याशी लग्न करून ही तिथेच राहिली. मूर्ख, असं ग्रेसी मोठ्याने म्हणाली, आणि पलीकडच्या टेबलावरच्या व्हिवियनने इअरफोन काढून "व्हॉट?" विचारलं.

उंबरमाळच्या शाळेला दोन खोल्या होत्या. पहिली-दुसरी आशाकडे, तिसरी-चौथी ग्रेसीकडे. हेडमास्तर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, आठवड्याच्या सह्या करायचे, दोघींना 'सेवक' म्हणून हाक मारायचे आणि जेवून जायचे. त्यांचा पगार दोघींच्या चौपट होता आणि पोट पण. ग्रेसीला आठवायच्या त्या पोरांच्या नजरा. ती फळ्यावर काही लिहायची, वळायची, आणि डोळ्यांच्या एक्केचाळीस जोड्या तिच्याकडे नुसत्या बघत असायच्या. कळलं का विचारलं तर बघतच राहायच्या. ओल्या कपड्यांचा, धुराचा, खोबरेल तेलाचा वास यायचा आणि ती दाराजवळ उभी राहून शिकवायची. पलीकडच्या खोलीतून आशाचा आवाज यायचा, पोरांचं हसणं यायचं. आशा जमिनीवर बसायची. ग्रेसीला ते दिखाऊ वाटायचं. मग दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत ती शनिवारी घरी गेली, "सोमवारी येते" म्हणून आशाला सांगून गेली, आणि घरी निकोलसचं स्थळ आलेलं होतं. दुबईच्या देऱ्यातल्या हॉटेलात बँक्वेट सांभाळणारा मुलगा, रजेचे अठरा दिवस उरलेले. सोमवारी ती गेली नाही. राजीनामा पोस्टाने पाठवला. आशाला एक ओळही लिहिली नाही.

या गोष्टीचं ओझं तिने बावीस वर्षं नीट जपलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर ठरलेलं चित्र होतं : परीक्षा तोंडावर आलेली, आशा एकटी, या खोलीतून त्या खोलीत धावतेय, घामाघूम, आणि तिसरी-चौथीची पोरं दाराकडे डोळे लावून बसलीत की बाई कधी येतील. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शारजाच्या चर्चमध्ये एकदा तिने हे पापनिवेदनात सांगितलंही होतं. धर्मगुरू केरळचे. त्यांनी ते ऐकून घेतलं, शाळा सोडणं हे पाप कसं याचा थोडा विचार केला आणि 'नमो मरिया' ही प्रार्थना तीनदा म्हणायला सांगितली. एवढ्या मोठ्या गोष्टीला तीन! त्या दिवसापासून ते धर्मगुरूही तिच्या मनातून उतरले होते.

संध्याकाळी अल नहदाच्या घरात तिने जेवताना विषय काढला. निकोलस नुकताच ड्यूटीवरून येऊन पाय शेजारच्या खुर्चीवर टाकून बसला होता. "आशाचं पत्र आलं," ती म्हणाली. "माझ्याबरोबर शिकवायची ती. अजून तिथेच आहे."

"त्या जंगलात? चोवीस वर्षं?" निकोलस हसला. "किती देतात आता?"

"त्याचं काय आहे निकोलस?"

"अगं विचारलं नुसतं. तुला तीन हजार द्यायचे. म्हणजे आपले सव्वाशे दिरहम. परवा ट्रॉयचा पिझ्झा तेवढ्याचा झाला." त्याने पाणी प्यायलं. "सहा पॉइंट लिही, खलास. तू कशाला जीवाला लावून घेतेस."

ट्रॉयने फोनमधून डोकं वर काढलं. "बट मम्मा, व्हाय वुड एनीवन वाँट टू स्टे देअर?"

ग्रेसीकडे उत्तर होतं : कारण तिला दुसरं काही मिळालं नाही. हे उत्तर तिला आवडलं. त्यात आशा लहान होत होती आणि सोडून जाणं हे नुसतं आधी सुचलेलं शहाणपण ठरत होतं. पण ते तिने बोलून दाखवलं नाही. मुलगा त्या शाळेबद्दल तिच्याच आवाजात बोलत होता, आणि तो आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला कसंतरीच झालं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास, म्हणजे तिकडे मधली सुट्टी असेल अशा हिशोबाने, तिने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून तो नंबर लावला. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं. आधी क्षमा मागायची. आशा रडेल कदाचित, किंवा चिडेल. दोन्हीची तयारी होती. स्वतःच्या या पश्चात्तापात तिला काहीतरी सुखाचंही वाटत होतं.

"हॅलो, कोण?" मागे ताटांचा आणि पोरांचा कालवा.

"आशा, मी ग्रेसी. ग्रेसी लोपीस. वसईची."

"अगं बाई! ग्रेसी!" आवाज जाड झाला होता, पण तोच. "थांब हां, वाढून होतंय." मग दुसऱ्याच भाषेत दोन-तीन वाक्यं, भराभर, आणि पोरांचा हशा. "बोल. कुठून बोलतेस?"

"दुबईहून. आशा, मला तुला कधीपासून सांगायचं होतं. मी तेव्हा न सांगता गेले. परीक्षा आली होती, तुझ्यावर दोन्ही वर्ग टाकून—"

"कधी? अच्छा, तेव्हा." आशाला ते आठवावं लागलं. "अगं ते बरंच झालं गं."

"बरं?"

"म्हणजे राग मानू नकोस. मी भिंतीशी सगळ्यांना एकत्र बसवलं. मोठी पोरं लहानांना शिकवायला लागली. जूनमधे साताऱ्याचा एक मुलगा आला तुझ्या जागेवर. पोरं मोकळी झाली जरा. तुला घाबरायची ना ती."

"मला?"

"तू दारात उभी राहायचीस नाकाला रुमाल लावून. त्यांना वाटायचं बाई आपल्याला कंटाळते. आणि नावं कुठे येत होती तुला त्यांची. 'ए तिसऱ्या रांगेतल्या' म्हणायचीस." हे सांगताना आशाच्या आवाजात विखार नव्हता, ती जुन्या भाड्याच्या खोलीबद्दल बोलावं तसं बोलत होती. "तुझं मन नव्हतंच तिथे, मग काय करणार. तू गेलीस, सुटलीस. चांगलं झालं ना तुझं?"

ग्रेसीने चांगलं झालं म्हणून सांगितलं.

"आणि माझा नंबर कोणी दिला?"

"तुझं पत्र माझ्याकडे आलंय. रिपोर्ट आम्ही करतोय."

"दुबईत?" आशा मनापासून हसली. "कमाल आहे. वाचलं म्हणजे कोणीतरी. मग तुझ्या हातात आहे का गं काही?"

"थोडंसं."

"मग बघ. माझं नाव घालू नको, नियम म्हणून घाल. मला काय, बदली झाली तर नोकरी सोडीन. भात आहे, जीप आहे. पण पहिलीच्या पोरांशी बोलणार कोण? नवीन बाई येणार, दारात उभी राहणार." ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं, किंवा नसावंही. "चल, घंटा झाली. ये कधीतरी."

ग्रेसी टेबलावर परत आली तेव्हा तिला भयंकर संताप आला होता. बावीस वर्षं! एवढं मोठं पाप बावीस वर्षं सांभाळावं आणि ज्याच्याविरुद्ध केलं त्याने ते बघितलंसुद्धा नसावं. पोरांनी दाराकडे डोळे लावले नव्हते. पोरं मोकळी झाली होती. तिने आशाला हलकट म्हटलं, अडाणी म्हटलं, जीपवाल्याची बायको म्हटलं, आणि मग थंड डोक्याने सहा मुद्दे लिहायला घेतले. कंपनीचा नियम होताच : शेकडा पाचांहून कमी लोकांचं मत असेल तर ते आडाख्यात धरायचं नाही. अडीचशेंमधलं एक पत्र. ते नियमानेच बाहेर पडत होतं, ग्रेसीला बोटसुद्धा लावायचं नव्हतं. सहावा मुद्दा तिने असा केला : 'सक्तीच्या फेरबदलीमुळे दुर्गम भागातील शिक्षकांना न्याय मिळेल.' वाक्य खोटंही नव्हतं. असा नियम तेव्हा असता तर सहा वर्षांनी तिचीही सुटका झाली असती. तिला सहा काय, दोनही वर्षं निघाली नव्हती, हे त्या वाक्यात कुठे दिसत नव्हतं.

गुरुवारी केनेथने मुद्दे मोठ्या पडद्यावर लावले. खोलीत तो, व्हिवियन, ग्रेसी आणि ऑफिसातली दोन पोरं. सहाव्यावर तो थांबला. "धिस इज गुड. मतलब, जंगलमे कोई रहना तो नहीं चाहता, राइट? नोबडी अॅक्च्युअली वाँट्स टू स्टे." व्हिवियन हसली. इतर हसले. ते हसणं ग्रेसीच्या ओळखीचं होतं. परवा जेवणाच्या टेबलावर ते होतं, आणि त्याआधी बावीस वर्षं तिच्याच आत होतं. तिला त्या सगळ्यांचा मनस्वी तिटकारा आला, आणि त्या तिटकाऱ्यातून स्वतःला बाजूला काढायला जागाच सापडेना.

"एक आहे," ती हिंदीत म्हणाली.

"एक क्या?"

"एका बाईला राहायचंय. तिचं कारण बरोबर आहे. पोरांची भाषा शिकायला चार वर्षं लागतात आणि आपण सहा वर्षांत हलवतोय. सहावा पॉइंट चूक आहे. मी चूक लिहिलाय."

"वन लेटर, ग्रेसी. बिलो थ्रेशोल्ड."

"मी तिथे शिकवलंय केनेथ. त्याच शाळेत. वीस महिने."

केनेथने चष्मा काढला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट बघितलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरत गेला. "यू वर अ व्हिलेज टीचर? हबीबी, ये पहले क्यूँ नहीं बोला? क्लायंट विल लव्ह धिस! नेक्स्ट ट्यूसडे कमिटी का व्हिडिओ कॉल है, तू बोलेगी. युवर स्टोरी. पॅशन, चिल्ड्रन, ऑल दॅट. और वो तुम्हारा पॉइंट भी डाल देंगे, सातवा." सहाचे सात झाले. त्याने त्याच दिवशी तिच्यासाठी अर्ध्या पानाचं इंग्रजी भाषणही लिहून पाठवलं. त्यात मुलं तिला निरोप देताना रडत होती.

मंगळवारी पडद्यावर समितीचे तीन अधिकारी होते. मधल्या बाई, डावीकडे एक जण चहा पीत होते, उजवीकडचे खाली बघून काहीतरी सही करत होते. केनेथने इंग्रजीतून तिची ओळख करून दिली आणि कौतुकाने तिच्याकडे हात केला. ग्रेसीने समोरचा कागद उलटा ठेवला आणि मराठीत बोलायला लागली. केनेथ मान डोलवत ऐकत राहिला.

"मी उंबरमाळला शिक्षण सेवक होते," ती म्हणाली. "मी वाईट शिक्षिका होते. मला पोरांची भीती वाटायची, वासही सहन व्हायचा नाही. मला एकाचंही नाव येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी पळून गेले आणि मी गेल्याने तिथे कोणाचं काही बिघडलं नाही. उलट बरं झालं. माझ्या शेजारच्या खोलीत जी शिकवायची ती अजून तिथे आहे. ती गेली तर बिघडेल. तुमच्या करारात आम्ही दोघी एकच आहोत. सारखा पगार द्या, तो द्यायलाच हवा, मला पण द्यायला हवा होता. पण सहा वर्षांनी तुम्ही आम्हा दोघींना सारखंच उचलणार आहात. मला उचला. तिला विचारा."

चहावाल्यांनी कप खाली ठेवला. उजवीकडच्यांनी सही करायचं थांबवून वर बघितलं.

"मॅडम," मधल्या बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखे किती असतील आणि त्यांच्यासारखे किती?"

"माझ्यासारखे पुष्कळ. तिच्यासारखी मला एकच माहीत आहे."

"मग एकीसाठी कलम करायचं?"

"हो."

"आणि राहायचंय म्हणून शहरातले सगळे अर्ज करतील त्याचं काय? घराजवळची शाळा कोणाला नको असते?"

"पोरांशी त्यांच्या भाषेत बोलायला लावा अर्ज करताना," ग्रेसी म्हणाली. "पोरांसमोर. मी पाच मिनिटांत नापास झाले असते."

बाई पहिल्यांदा हसल्या, थोड्याशा. शेजारी वळून म्हणाल्या, "मसुद्यात घ्या. राहू इच्छिणाऱ्या शिक्षकांबाबत. पर्याय म्हणून घ्या आत्ता, बाकी वरती ठरेल." मग पुढचा विषय सुरू झाला, निवृत्तिवेतनाचा, आणि चहावाल्यांनी कप पुन्हा उचलला.

पडदा काळा झाल्यावर केनेथने टाळी वाजवली. "ब्रिलियंट! दे वर सो मूव्ह्ड. मेरे को समझा नहीं कुछ, बट आय कुड फील इट. व्हॉट डिड यू टेल देम?"

"मी वाईट शिक्षिका होते, असं सांगितलं," ती इंग्रजीत म्हणाली.

केनेथ मोकळेपणाने हसला आणि तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "यू आर टू मॉडेस्ट, ग्रेसी." तिने त्याच्याकडे बघितलं. त्याला पटवायला आता तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं, रुमाल, दार, तिसरी रांग, आणि तरी त्याने ते विनयातच धरलं असतं. तिने लॅपटॉप मिटला आणि खुर्चीत तशीच बसून राहिली. त्या एक्केचाळीसांपैकी निदान एकाचं नाव आठवतं का, म्हणून ती बराच वेळ प्रयत्न करत होती. एकही आठवलं नाही.